परत गेलेले सूर्यपाव

तूरिदला नार्व्हिकच्या मालधक्क्यावर कोणी काही शिकवायला जात नसे. एक तर त्या अजस्र पिवळ्या क्रेनवर तीच सगळ्यांत जुनी, आणि दुसरं म्हणजे तिच्या जिभेला हाड नाही. ओस्लोहून तपासणीला आलेला एक साहेब एकदा तिला म्हणाला, "जरा सांभाळून उचल हं." तर ही वरून खिडकीतून ओरडली, "सांभाळून उचलायला ते काय तुझं बाळ आहे? हो बाजूला!" साहेब बाजूला झाला आणि दुपारच्या कॉफीला तिच्याच शेजारी येऊन बसला. आमच्या उत्तरेत असंच चालतं. चार शब्द वाकडे ऐकवले नाहीत तर माणसाला वाटतं, आपलं काही चुकलं की काय.

तिचं काम सांगायला सोपं. ओस्लोहून दुकानांच्या मालाची गाडी निघते, अर्धा स्वीडन पालथा घालते, लोखंडाच्या खनिजाच्या गाड्यांना वाट देत देत डोंगर उतरते आणि आमच्या खाडीच्या काठी येऊन थांबते. केळी, कॉफी, चीज, बाळांचे लंगोट, शुक्रवारच्या टॅकोचा मसाला, सगळं तिच्यातून येतं. तो माल भरलेल्या खोलीएवढ्या लोखंडी पेट्या तूरिद उचलते आणि ट्रकांवर ठेवते. ट्रक जातात लोफोटेनच्या बेटांवर, ट्रोम्सोला, अन् पार वर जिथे झाडंही उगवत नाहीत तिथे. त्याच पेट्या परत येतात त्या मासळीने भरून, आणि तूरिद त्यांना दक्षिणेच्या गाडीवर चढवते. पेटीवर बाहेरून भलंमोठं संत्रं रंगवलेलं असतं आणि आत बर्फात झोपलेला साल्मन. ओस्लोच्या लोकांना हे चमत्कारिक वाटतं. आम्हाला संत्र्याचं चित्र दिसलं की माशाचा वास येतो, त्याला कोण काय करणार!

पण तूरिद आधी या धक्क्यावर नव्हती. लग्नाआधी ती गावातल्या दुकानात गल्ल्यावर बसायची. तेव्हा सगळा माल रस्त्याने यायचा आणि हिवाळ्यात घाट बंद झाला की दुकानाची फळकुटं उघडी पडायची. एका वर्षी असंच वादळ धरून बसलं. आधी भाजी संपली, लोक काही बोलले नाहीत. मग चीज संपलं, लोक कुरकुरले. मग कॉफी संपली. कॉफीवाचूनचा नार्व्हिककर ज्याने पाहिला नाही त्याने तो बघायच्या भानगडीत पडू नये. शेजारीशेजारी एकमेकांकडे संशयाने बघायला लागले. पाद्रीबाबा प्रवचनाच्या मध्येच भडकले. गल्ल्यावर बसलेली तूरिद दिवसभर "नाही, नाही, अजून नाही" म्हणून म्हणून घशाला कोरड पाडून घेत होती.

आणि एका दुपारी बर्फ लोटणाऱ्या गाडीच्या मागोमाग एक ट्रक घाट उतरून आला, सबंध पांढरा झालेला, समोरच्या काचेला हाताएवढी फट. दुकानासमोर थांबला. त्यातून एक लांबुडका, लाल नाकाचा, मिशीत बर्फ साठलेला तरुण उतरला आणि म्हणाला, "कॉफी कुठे उतरवू?" दुकानात जेवढी माणसं होती त्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्या बायकांनी वाजवल्या, पाद्रीबाबांनी वाजवल्या. सगळ्यांत जोरात वाजवल्या गल्ल्यावरच्या तूरिदने. तरुण इतका लाजला की कॉफीचं खोकं त्याच्या हातातून निसटलं. त्याचं नाव ओत्तार. पुढच्या उन्हाळ्यात दोघांचं लग्न झालं.

संसार चांगला झाला. दोन मुली झाल्या, मोठ्या झाल्या, शिकायला म्हणून दक्षिणेत गेल्या आणि तिकडच्याच झाल्या. ओत्तार भला माणूस, फक्त घरी नसायचा. त्याचा ट्रक स्वतःचा होता आणि त्याचं घर म्हणजे तो ट्रक. तूरिदला बाकी कशाचं फार वाटायचं नाही, पण सूर्यदिनाचं वाटायचं.

आमच्याकडे नोव्हेंबराच्या शेवटी सूर्य डोंगरामागे जातो तो जाऊनच बसतो. नव्या वर्षात ज्या दिवशी तो पहिल्यांदा डोंगराच्या खांद्यावरून डोकावतो, तो सूर्यदिन. शाळा सुटतात, कचेऱ्यांतली माणसं रस्त्यावर येतात आणि प्रत्येकाच्या हातात सूर्यपाव असतो. हा गोल, गुबगुबीत, तळलेला, आत जॅम, वरून साखर. तो खाताना नाकाला साखर लागली नाही तर खाल्ल्यासारखंच नाही. सूर्य डोकावतो किती, तर डोळा मारल्याएवढा. पण त्या डोळा मारण्यासाठी सगळं गाव उभं असतं, आणि ज्याचं माणूस शेजारी नसतं त्याला ते त्या दिवशी फार जाणवतं.

ओत्तार एकाही सूर्यदिनाला घरी नव्हता. जानेवारी म्हणजे वादळं, बंद घाट, लांबच लांब रांगा. मग तूरिद दर वर्षी एक सूर्यपाव चांदीच्या कागदात गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवायची. ओत्तार यायचा फेब्रुवारीत, तो पाव गरम करून खायचा आणि म्हणायचा, "वा! यंदाचा सूर्य चांगला आहे." तूरिद हसायची. पण एकटीच उभं राहून वर बघायचा तिला मनापासून कंटाळा आला होता.

मग दुकानवाल्यांनी आपला माल रस्त्यावरून काढून रेल्वेवर टाकला. गाडी घाट बंद असला तरी येते, वादळात उशिरा येते पण येते. धक्क्यावर माणसं हवी होती. तूरिदने गल्ला सोडला, क्रेन शिकली आणि पहिल्याच हिवाळ्यात सगळ्यांना मागे टाकलं. ओत्तारच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"माझ्याच बायकोने माझा माल पळवला," तो गावभर सांगत सुटला.

"पळवला कुठे? वेळेवर पोचवला," तूरिद म्हणायची. "तुझ्या वेळी लोक कॉफीवाचून एकमेकांना चावायला उठायचे. आता बघ, कधी संपते का?"

"तेच तर म्हणतोय. संपत नाही. आता कोणाला काही वाटतच नाही."

हे शेवटचं तूरिदने ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. तिला वाटलं, हरलेला माणूस काहीतरी बोलतोय. ओत्तारने किराणा सोडून लोखंडी पाइप, खाणीची यंत्रं असला माल धरला आणि पूर्वीपेक्षाही जास्त दिवस बाहेर राहायला लागला. पाइप आले म्हणून टाळ्या वाजवणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

अशात धक्क्यावरून लोफोटेनला पेट्या नेणारा ट्रकवाला म्हातारपणामुळे थांबला. तूरिदने धक्क्याचा मुकादम हालगेर याला गाठलं आणि ओत्तारचं नाव सांगितलं. सकाळी पेटी घ्यायची, बेटांवरच्या दुकानांना माल द्यायचा, मासळी भरून संध्याकाळी घरी. रोज रात्री आपल्या उशीवर डोकं. हालगेर म्हणाला, "मला ओत्तार चालेल, पळेल. पण दुसराही एक मागे लागलाय. सूर्यदिनापर्यंत काय ते सांग."

तूरिदने ओत्तारला फोनवर सांगितलं, तर तो उखडला. "म्हणजे तुझ्या रेल्वेने आणलेल्या पिशव्या मी दारोदार पोचवायच्या? मी अख्खा स्वीडन तुडवलेला माणूस!"

"तुडवलास ना? मग आता घरी बस की."

"तुमच्या गाडीला माझी काय गरज आहे? तुमचं सगळं माझ्यावाचून छान चाललंय."

"चाललंयच!" तूरिद म्हणाली, आणि दोघांनीही फोन आपटला.

सूर्यदिन दुसऱ्या दिवसावर आला. ओत्तार स्वीडनमध्ये किरुनाला खाणीवर यंत्राची पेटी उतरवत होता आणि तिथूनच परत दक्षिणेला जाणार होता. त्याने हो म्हटलं नव्हतं. तूरिद त्या दिवशी क्रेनवर चढली ती मनातल्या मनात त्याच्याशी भांडतच.

आता धक्क्याची पद्धत अशी. डोंगराकडच्या रांगेत दुकानांच्या भरल्या पेट्या, समुद्राकडच्या रांगेत मासळीच्या. त्या दिवशी डोंगराकडची रांग बर्फाच्या ढिगाखाली गेली होती, म्हणून हालगेरने गावच्या दुकानाची एक पेटी समुद्राकडे ठेवली आणि तिथली मासळीची पेटी दुसरीकडे हलवली. त्याने तूरिदला बिनतारीवर सांगितलंही. "हो, हो, कळलं," ती म्हणाली, आणि तिला काहीही कळलं नव्हतं. दुसरी पद्धत म्हणजे, पेटीचा क्रमांक बर्फाने झाकला असेल तर खाली उतरायचं, लांब दांड्याच्या झाडूने तो पुसायचा, वाचायचा आणि मगच पेटी उचलायची. बोचरा वारा सुटला होता. "माझ्या पेट्या मी ओळखते," असं स्वतःशीच म्हणत तूरिदने झाडूला हातसुद्धा लावला नाही. समुद्राकडची पेटी उचलून तिने दक्षिणेच्या गाडीवर ठेवली, उरलेली गावच्या दुकानाच्या ट्रकवर. गाडी शिट्टी वाजवून घाट चढायला लागली.

संध्याकाळी कॉफीच्या खोलीत फोन वाजला. दुकानाचा व्यवस्थापक योस्टाइन. तो मूळचा दक्षिणेचा, त्यामुळे सभ्य.

"हालगेर, मी पेटी उघडली. आत साल्मन आहे."

"मस्त," हालगेर म्हणाला.

"मस्त नाही. आत सूर्यपाव हवे होते. सगळ्या गावाचे."

हालगेरने सावकाश मान वळवून तूरिदकडे बघितलं. तूरिदने खिडकीतून घाटाकडे बघितलं. सगळ्या गावाचे सूर्यपाव संत्र्याच्या पेटीत बसून ओस्लोला परत निघाले होते, आणि ते तिने पाठवले होते.

"झाडू?" हालगेरने विचारलं.

"नाही वापरला," तूरिद म्हणाली. खोटं बोलणं तिला जमत नाही, आरडाओरडा तेवढा जमतो, आणि या वेळी तोही जमेना.

हालगेरने किरुनाच्या धक्क्याला फोन लावला. गाडी तिथे थांबणार होतीच, पेटी उतरवून घेणं काही अवघड नव्हतं. तिकडचा स्वीडिश माणूस सगळं ऐकून हसला, आणि कामावर असलेल्या स्वीडिश माणसाला हसवणं काही खायचं काम नाही. "उतरवतो," तो म्हणाला, "पण परत कशी नेणार? तुमची उत्तरेची गाडी उद्या दुपारनंतर." दुपारनंतर म्हणजे सूर्य येऊन गेल्यावर.

"किरुनात कोणाचा रिकामा ट्रक आहे का?" हालगेर म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याच्या तोंडावर हसू पसरायला लागलं. "तूरिद, तुझा नवरा कुठे आहे म्हणालीस?"

"नाही," तूरिद म्हणाली.

"फोन कर."

"मी मरेन, पण नाही करणार."

"गाव तुला सूर्यपावावाचून सोडेल असं वाटतं तुला?"

तिने फोन लावला. आयुष्यात तिला एवढा जड फोन कधी लागला नव्हता.

"ओत्तार," ती म्हणाली, "तू एकटा आहेस का? बसलायस का?"

"कोण गेलं?"

"सूर्यपाव गेले." आणि तिने सगळं सांगितलं. झाडूसकट.

पलीकडून आधी एक बारीक शीळ घातल्यासारखा आवाज आला आणि मग ओत्तार हसायला लागला. तो हसतच राहिला. ट्रकच्या काचांवर वाफ धरली असणार. अधूनमधून त्याला बोलायला सुचायचं. "वेळेवर पोचवते म्हणे!" आणि पुन्हा हसू. "रेल्वे म्हणे!" आणि पुन्हा.

"झालं हसून?" तूरिदचे डोळे भरून आले होते. "आता हवं तर आयुष्यभर हस. ती लोफोटेनची फेरीही घेऊ नकोस. पण ती पेटी आण. घाटात बर्फ लोटणाऱ्या गाडीमागे ताफा सुटेल तसा ये. तुझ्याशिवाय आत्ता कोणी आणू शकत नाही."

हसू थांबलं.

"काय म्हणालीस?"

"आण म्हटलं."

"त्याच्यानंतरचं."

"तुझ्याशिवाय कोणी आणू शकत नाही, बहिऱ्या!"

"हं," ओत्तार म्हणाला. "दक्षिणेचा माल परवा नेईन. कॉफी तयार ठेव."

घाट त्या रात्री बंदच होता. फाटकापाशी ट्रकवाल्यांची रांग लागलेली. सकाळी बर्फ लोटणारी गाडी पुढे निघाली आणि तिच्या मागे सगळा ताफा. फाटकावरच्या माणसाला ओत्तारने पेटीत काय आहे ते सांगितलं होतं. त्याने सगळ्या रांगेतल्या ट्रकवाल्यांना विचारलं आणि सगळ्यांनी ओत्तारला पहिला नंबर दिला. असं घाटात कधी होत नाही. तिथे नंबर सोडायला सांगा, लोक आधी तुम्हाला सोडतील.

इकडे गावात बातमी पसरायला वेळ लागला नव्हता. सकाळपासून जो तो धक्क्यावर डोकावून जात होता. "तूरिद, आज सूर्य येणार, की तोही ओस्लोला पाठवलास?" शाळेच्या बाईंनी विचारलं, पाद्रीबाबांनी विचारलं. तूरिदने कोणालाच उलटं उत्तर दिलं नाही, त्यामुळे हालगेर काळजीत पडला.

उजेड निळा होता होता दुकानासमोर अर्धं गाव जमलं. योस्टाइनने भट्ट्या तापवून ठेवल्या होत्या, साखरेची परात तयार ठेवली होती. तूरिद गर्दीच्या मागे उभी होती, टोपी डोळ्यांपर्यंत ओढून. तेवढ्यात वळणावरून भोंगा वाजला. लांब, मोठा, पूर्वीसारखा. पांढरा झालेला ट्रक, काचेला हाताएवढी फट, मागे संत्र्याची पेटी. ट्रक थांबला. दार उघडलं. मिशी आता पिकली होती, पण तिच्यात बर्फ तसाच होता.

"सूर्य कुठे उतरवू?" ओत्तार म्हणाला.

तूरिदने टाळ्या वाजवायला हात उचलले. जाड हातमोज्यांचा आवाजच येईना. तिने ते ओढून काढले, बर्फात टाकले आणि उघड्या हातांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळं गाव वाजवायला लागलं, शाळेची पोरं ओरडायला लागली. ओत्तार तसाच पायरीवर उभा राहिला. तो लाजला, इकडेतिकडे बघायला लागला, आणि मग त्याने बाहीने डोळे पुसले.

"वारा लागतोय," तो म्हणाला. वारा केव्हाच पडला होता.

तूरिदला तेव्हा कळलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, याला रस्ता आपल्यापेक्षा आवडतो. रस्त्याचं कसलं घेऊन बसलात! त्याला हे आवडायचं, असं कोणीतरी वाट बघणं. तेच त्याच्याकडून गेलं होतं आणि ते आपल्याच क्रेनने उचलून नेलं, हे तिच्या एवढ्या वर्षांत ध्यानात आलं नव्हतं. तिला एकदम भरून आलं आणि आनंदही झाला, दोन्ही एकाच वेळी.

पाव भट्टीत गरम झाले, साखरेत लोळले, हातोहात वाटले गेले. सगळे चढावर उभे राहिले. डोंगराच्या कडेला सोनेरी रेघ आली, फुगली, आणि सूर्याने डोळा मारला. पोरांनी गाणं म्हटलं. ओत्तार आणि तूरिद शेजारी शेजारी उभे होते. ओत्तारने पहिला घास घेतला आणि जॅम त्याच्या मिशीवरून हनुवटीवर आला.

"गरमच आहे की," तो आश्चर्याने म्हणाला.

"फ्रीजरमध्ये जायच्या आधी असाच असतो," तूरिद म्हणाली. मग तिला राहवेना. "मग? हालगेरला काय सांगू?"

ओत्तारने आधी उरलेला पाव खाल्ला. भाव खायची संधी तो सोडणारा नव्हता. "हे बघ," तो मोठ्याने म्हणाला, आजूबाजूच्यांनाही ऐकू जाईल असं. "तुमच्या रेल्वेला माझ्यावाचून जमत नाही, हे सगळ्या गावाने पाहिलं. असं तुम्हाला वाऱ्यावर सोडून मी स्वीडन हिंडत बसलो तर बरं दिसेल का? घेतो ती लोफोटेनची फेरी. नाइलाज आहे."

"उपकार झाले," तूरिद म्हणाली.

"पण अट आहे. वर्षातून एकदा तरी तू चुकायचं."

"चल हट!" तूरिद इतक्या जोरात ओरडली की हालगेरचा जीव भांड्यात पडला.

साल्मन दुसऱ्या दिवशीच्या गाडीने गेला, कोणाचं काही बिघडलं नाही. क्रेनच्या केबिनमध्ये मात्र आता एक झाडू टांगलेला आहे, लाल फीत बांधलेला. हालगेरने टांगला. तूरिद रोज त्याच्यावर खेकसते आणि रोज वापरते.

त्या सूर्यदिनाच्या संध्याकाळी तूरिदने स्वयंपाकघर आवरलं. एक सूर्यपाव उरला होता. तिने सवयीने चांदीचा कागद फाडला, पाव नीट गुंडाळला आणि फ्रीजरचं दार उघडलं.

"कोणासाठी ठेवतेस?" टेबलाशी बसलेल्या ओत्तारने विचारलं.

ती दार उघडं धरून तशीच उभी राहिली. मग तिने फ्रीजर बंद केला, कागद सोडवला आणि पाव त्याच्या बशीत ठेवला.